जुनं यंत्र घ्यावं पारखून!

दोस्तांनो, ऑक्टोबर २००४ मधली ही खरीखुरी हकिकत. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात कॉर्व्हॅलिस नावाचं एक विद्यापीठाचं गाव आहे. तिथं एकटाच राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दारावर थाप पडली. दार उघडून बघतो तर काय! बाहेर पोलीस, आणि त्यांच्याबरोबर विमान अपघातात सापडलेल्यांचा शोध घेणारी माणसं! त्यांच्या यंत्रांवर संकटाचा संदेश येत होता आणि तो थेट याच घरातून येत होता.

घरात ना विमान होतं, ना कुणी संकटात होतं. मग शोधता शोधता चोर सापडला. तो होता त्या विद्यार्थ्याचा टीव्ही! आतल्या कुठल्याशा बिघाडामुळे हा टीव्ही १२१.५ मेगाहर्ट्झ या वारंवारतेच्या रेडिओलहरी बाहेर फेकत होता. आणि हीच तर संकटात सापडलेल्या विमानांची वारंवारता! त्या काळी अवकाशातले उपग्रह या लहरींवर कान देऊन असत. (१ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ही वारंवारता ऐकणं बंद केलं. आता ते ४०६ मेगाहर्ट्झवरचे संदेश ऐकतात.) उपग्रहाने टीव्हीची हाक ऐकली आणि खाली धावपळ सुरू झाली.

गंमत वाटली ना? पण जरा विचार करा. शोधपथक टीव्हीपाशी थांबलेलं असताना खरंच एखादं विमान डोंगरात पडलं असतं तर? टीव्हीच्या मालकाला तर काहीच कळलं नव्हतं. चित्र दिसत होतं, आवाज येत होता. रेडिओलहरी डोळ्यांना दिसत नाहीत आणि कानांना ऐकूही येत नाहीत. मग आपलं यंत्र गुपचूप कुठे ‘ओरडत’ आहे हे ओळखायचं कसं?

त्यासाठी एक खास यंत्र असतं. त्याचं नाव स्पेक्ट्रम ॲनलायझर. नवीन घ्यायचं तर फार महाग. म्हणून जगभरातल्या कितीतरी कॉलेजच्या प्रयोगशाळा, रेडिओ क्लब आणि हौशी मंडळी ते जुनं, वापरलेलं घेतात. जुनी सायकल घेताना बाबा कसे चाक फिरवून, ब्रेक दाबून, साखळी ओढून बघतात? तसंच हे यंत्रही पारखून घ्यावं लागतं. कसं पारखायचं, ते आज बघू या.

रेडिओलहरींचा लोलक

विज्ञानाच्या तासाला तुम्ही लोलक पाहिला असेल. पांढरा प्रकाश त्यातून गेला की तांबडा, नारिंगी, पिवळा असे सात रंग वेगळे होतात. रंगांच्या या पट्ट्याला आपण वर्णपट म्हणतो, इंग्रजीत स्पेक्ट्रम. स्पेक्ट्रम ॲनलायझर हेच काम रेडिओलहरींसाठी करतो. हवेत एकाच वेळी आकाशवाणी, एफएम, पोलिसांचे वायरलेस संच, मोबाइल, वाय-फाय अशा अनेक लहरींची खिचडी झालेली असते. हे यंत्र खिचडीतले डाळ-तांदूळ वेगळे करून दाखवतं. पडद्यावर डावीकडून उजवीकडे वारंवारता वाढत जाते. जिथं लहर असेल तिथं उंच सुळका दिसतो. लहर जितकी जोरदार, तितका सुळका उंच.

हे होतं कसं? आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर आठवा. त्याचं बटण हळूहळू फिरवलं की काटा सरकतो आणि एकेक केंद्र लागत जातं. स्पेक्ट्रम ॲनलायझर म्हणजे आपलं बटण आपणच भराभर फिरवणारा रेडिओ! अमेरिकन इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये रेडिओसाठी ‘सुपरहेटरोडाइन’ नावाची युक्ती शोधून काढली. यात बाहेरून आलेली लहर आणि यंत्राने स्वतः तयार केलेली लहर एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्या वारंवारतांच्या फरकाची तिसरी लहर मिळते. यंत्राने आपली लहर बदलत नेली की बाहेरची एकेक वारंवारता जाळ्यात सापडत जाते. जुने बहुतेक स्पेक्ट्रम ॲनलायझर याच युक्तीवर चालतात. ज्या भागात या दोन लहरी मिसळतात त्याला मिक्सर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

तीन आजोबा आणि एक नातू

अमेरिकेत ओहायो राज्यात हॅम रेडिओवाल्यांची एक मोठी जत्रा भरते. तिचं नाव हॅमव्हेन्शन. १९५२ साली ती सुरू झाली. पूर्वी डेटन शहरात भरायची, २०१७ पासून झीनिया या गावी भरते. जर्मनीतही फ्रीड्रिक्सहाफेन इथं अशी जत्रा असते. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखीच तिथं जुन्या यंत्रांची टेबलं मांडलेली असतात. समजा, अशाच एका टेबलावर तीन म्हाताऱ्या यंत्रांची आपली ओळख झाली.

पहिले आजोबा, एचपी ८५६८बी. अंगाने भलतेच थोर. दोन पेट्या एकावर एक ठेवलेल्या आणि वजन चाळीस किलोच्या वर. उचलायला दोन माणसं हवीतच! यांची नजर १०० हर्ट्झपासून १५०० मेगाहर्ट्झपर्यंत पोचते आणि ती आहे मात्र अतिशय बारीक. या घराण्याचं पहिलं यंत्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं.

दुसरे आजोबा, टेक्ट्रॉनिक्स ४९२. यांचा कारखाना त्याच ऑरेगन राज्यातला, जिथं आपला टीव्ही ओरडत होता. वजन सुमारे वीस किलो, वर हँडल. नजर पार २१ गिगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे २१,००० मेगाहर्ट्झ!

तिसरे, त्यातल्या त्यात तरुण, एचपी ८५९१ई. हे १९९० च्या दशकातले. वजन पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे एकट्याने नेता येईल असे. नजर ९ किलोहर्ट्झपासून १८०० मेगाहर्ट्झपर्यंत.

आणि टेबलाच्या कोपऱ्यात एक चिमुकला नातू, टायनीएसए. हा काही जुना नाही. २०२० मध्ये आला आणि चक्क खिशात मावतो. किंमत काही हजार रुपये. पहिल्या मॉडेलची नजर ९६० मेगाहर्ट्झपर्यंत.

एचपी म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड. बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड या दोन मित्रांनी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये ही कंपनी सुरू केली. ध्वनीच्या चाचणीसाठी लहरी निर्माण करणारं यंत्र हे त्यांचं पहिलं उत्पादन. ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने त्यांच्याकडून अशी आठ यंत्रं घेतली होती! पुढे १९९९ मध्ये मोजमापाच्या यंत्रांचा धंदा वेगळा होऊन ‘ॲजिलेंट’ झाला आणि २०१४ मध्ये तोच ‘कीसाइट’ झाला. म्हणून जुन्या एचपी यंत्राची माहितीपुस्तिका शोधायची तर ही तिन्ही नावं ठाऊक हवीत.

आता सांगा बरं, यातलं कोणतं घ्याल?

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, “त्यात काय! २१ गिगाहर्ट्झवालं घ्या. सगळ्यात मोठा आकडा त्याचाच!” थांबा. घाई नको.

आधी सांगा, मोजायचं काय?

दुकानात शिरण्याआधी आई यादी करते. इथंही तेच. समजा, एका कॉलेजच्या रेडिओ क्लबने १४५ मेगाहर्ट्झचा हॅम संच स्वतः जोडला आहे. तो हवेत सोडण्याआधी त्यांना बघायचं आहे की संच भलतीकडे तर ओरडत नाही ना.

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही उमटतात. गाण्यात ते गोड लागतात. रेडिओ संचातही तसंच होतं. १४५ बरोबर २९०, ४३५, ५८० मेगाहर्ट्झच्या लहरी आपोआप निघतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. इथं मात्र ते अजिबात गोड नसतात. कारण त्या वारंवारतांवर दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं चाललेलं असतं. म्हणून त्या पुरेशा दाबल्या गेल्या आहेत की नाही, हे मोजावंच लागतं.

आता हिशोब करा. दहावं हार्मोनिक कुठे येतं? १४५ गुणिले १०, म्हणजे १४५० मेगाहर्ट्झ. म्हणजे १५०० किंवा १८०० मेगाहर्ट्झपर्यंत बघणारं यंत्र या क्लबला पुरून उरेल. २१ गिगाहर्ट्झची नजर त्यांच्या काय कामाची? पण हाच क्लब वाय-फायवर प्रयोग करणार असेल तर? वाय-फाय चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झवर. तिथं दोन्ही एचपी आजोबांना काहीच दिसणार नाही. तिथं ४९२ हवा.

४९२ घेतानाही एक गोष्ट विचारावी लागते, आत ‘प्रीसिलेक्टर’ आहे का? हा द्वारपाल असतो. नको त्या लहरींना तो दाराबाहेरच अडवतो. तो नसेल तर एकच लहर पडद्यावर दोन-चार ठिकाणी दिसू शकते आणि खरी कोणती, तोतया कोणती, हे शोधत बसावं लागतं. ४९२ च्या काही यंत्रांत हा द्वारपाल बसवलेला असे, काहींत नसे. नाव एकच, पण पोटातलं सामान वेगळं! जुन्या यंत्रांच्या बाजारात नुसत्या नावावर जाऊन चालत नाही, ते यासाठीच.

बारीक चाळणी, जाडी चाळणी

स्वयंपाकघरात पिठाची चाळणी वेगळी आणि रव्याची वेगळी. स्पेक्ट्रम ॲनलायझरमध्येही चाळण्या असतात. त्यांना रेझोल्युशन बँडविड्थ म्हणतात. जवळजवळच्या दोन लहरी वेगळ्या दिसतील की एकच जाड सुळका दिसेल, हे चाळणी ठरवते.

एक उदाहरण घ्या. आपल्याकडे मध्यम लहरींवर दोन शेजारच्या वारंवारतांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. मग १०० किलोहर्ट्झची चाळणी लावली तर कितीतरी केंद्रं एकाच सुळक्यात गडप होतील. १ किलोहर्ट्झची लावली तर ती सुटी सुटी दिसतील. आता त्याहून अवघड काम. क्लबच्या संचात घरातल्या विजेची गुणगुण शिरली आहे का, हे बघायचं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे मुख्य सुळक्यापासून फक्त ५० हर्ट्झवर बारीकसे सुळके असतील. ते बघायला १ किलोहर्ट्झची चाळणी म्हणजे खेकडे धरायच्या जाळ्याने मुंग्या धरण्यासारखंच!

इथं थोरले आजोबा कामाला येतात. ८५६८बी मध्ये थेट १० हर्ट्झची चाळणी आहे. ८५९१ई मध्ये मुळात १ किलोहर्ट्झची आहे. पण जादा सोय बसवून घेतलेली असेल तर ३० हर्ट्झची मिळते. ४९२ मध्ये जादा सोय असेल तर १०० हर्ट्झची. आणि पहिल्या टायनीएसएची सगळ्यात बारीक चाळणी २.६ किलोहर्ट्झच्या आसपास.

तुम्ही म्हणाल, मग सदासर्वदा बारीकच चाळणी वापरू! पण बारीक चाळणीने पीठ चाळायला वेळ लागतो की नाही? इथं तर फारच लागतो. चाळणी दहापट बारीक केली की वेळ शंभरपट वाढतो. १० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा १० किलोहर्ट्झच्या चाळणीने बघायला साधारण पाव सेकंद लागत असेल, तर १ किलोहर्ट्झला २५ सेकंद लागतील. आणि १०० हर्ट्झला? २५०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटांहून जास्त! तेवढ्यात शाळेचा एक तास संपेल. म्हणून जाणती माणसं आधी जाड चाळणीने सगळा पट्टा बघतात आणि संशय आला तेवढ्याच जागी बारीक चाळणी लावतात.

जाहिरातीतलं कोडं

आता एक कोडं. पाटी-पेन्सिल घ्या.

कोणताही रेडिओ कितीही चांगला असो, त्यात थोडी खरखर असतेच. फार अशक्त लहरी या खरखरीत बुडून जातात. म्हणून खरखर जितकी कमी तितकं यंत्र चांगलं. ती मोजतात डीबीएममध्ये. १ मिलीवॅट शक्ती म्हणजे ० डीबीएम. शक्ती दहापट वाढली की आकडा १० ने वाढतो, दहापट घटली की १० ने कमी होतो. म्हणजे १ वॅट म्हणजे ३० डीबीएम, कारण वॅटमध्ये हजार मिलीवॅट असतात. आणि एक मिलीवॅटचा अब्जावा भाग म्हणजे उणे ९० डीबीएम.

समजा दोन जाहिराती आहेत. पहिलीत लिहिलंय, “खरखर उणे ११५ डीबीएम, चाळणी १ किलोहर्ट्झ.” दुसरीत लिहिलंय, “खरखर उणे १३५ डीबीएम, चाळणी १० हर्ट्झ.” कोणतं यंत्र जास्त शांत?

वरवर बघता दुसरं. उणे १३५ म्हणजे शंभरपट कमी खरखर! पण थांबा. खरखर सगळ्या वारंवारतांवर पसरलेली असते. चाळणी जितकी बारीक, तितकी खरखर कमी गळणार. दुसऱ्या यंत्राची चाळणी पहिल्यापेक्षा शंभरपट बारीक आहे. शंभरपट म्हणजे २० डेसिबल. पहिल्या यंत्राला तेवढीच बारीक चाळणी लावता आली असती तर तिथंही उणे ११५ वजा २०, म्हणजे उणे १३५ च आलं असतं. दोन्ही यंत्रं सारखीच शांत!

बघा, आकडे खरे, जाहिरात खरी, तरी आपण फसलो असतो. चाळणी सारखी केल्याशिवाय खरखरीची तुलना करायची नाही. परीक्षेत दोघांचे गुण ताडून बघताना एकाचे शंभरपैकी आणि दुसऱ्याचे पन्नासपैकी धरून चालेल का? तसंच हे.

नाडी बघायची कशी?

आता यंत्र ठरलं. पण ते जुनं आहे. आधी कुणी कसं वापरलं, देव जाणे! म्हणून पैसे मोजण्याआधी काही गोष्टी करून बघायच्याच.

पहिली गोष्ट, वीज. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडून आलेल्या जुन्या यंत्राच्या पाठीमागे बहुधा व्होल्ट निवडायची सोय असते. ती बरोबर जागी नसताना प्लग लावला तर यंत्राचा धूर! हे काम मोठ्यांनीच करायचं. यंत्राची पेटी तर तुम्ही मुळीच उघडायची नाही. जुन्या पडद्याच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात आणि यंत्र बंद केल्यावरही आत धक्का देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.

दुसरी, धीर. यंत्र चालू करून अर्धा तास थांबायचं. आतले भाग गरम होऊन स्थिरावले की मगच आकडे खरे मानायचे. विकणारा म्हणाला, “अहो, चालतंय ना, बघा लाइट लागला,” तर नुसतं हसायचं आणि थांबायचं.

तिसरी, स्वतःची परीक्षा. या यंत्रांना समोरच्या बाजूला एक छोटं तोंड असतं. तिथून ठरावीक शक्तीची लहर मिळते. ८५६८बी मध्ये ती २० मेगाहर्ट्झची, उणे १० डीबीएम असते. ८५९१ई मध्ये ३०० मेगाहर्ट्झची, उणे २० डीबीएम. ती यंत्राच्याच मुख्य तोंडाला जोडायची आणि पडद्यावर तोच आकडा येतो का, ते बघायचं. पण आपलीच परीक्षा आपणच घेतली तर शंभर गुण कुणालाही मिळतील! म्हणून मग एक छोटी तार जोडून आपल्या गावचं एफएम केंद्र शोधायचं. त्याचा मेगाहर्ट्झचा आकडा तर सगळ्यांना पाठ असतो. सुळका त्याच आकड्यावर दिसायला हवा.

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची. आठवतो ना तो मिक्सर? तो फार नाजूक. त्याच्या अलीकडे ॲटेन्युएटर नावाचा भाग असतो. आलेल्या लहरीचा जोर तो पायरीपायरीने कमी करतो. अशा बऱ्याच यंत्रांच्या तोंडाशी जास्तीत जास्त १ वॅट चालतो. आणि हातातला हॅम संच सहज ५ वॅट सोडतो! कुणी घाईत तो थेट जोडला की काम तमाम. यंत्र चालू होतं, पडदा उजळतो, पण आतून ते बहिरं किंवा खोटारडं झालेलं असतं. हे पकडायचं कसं? ॲटेन्युएटरच्या पायऱ्या १०, २०, ३० डेसिबल अशा बदलत जायच्या. यंत्र आपला हिशोब आपणच जुळवून घेतं. त्यामुळे सुळक्याची उंची जागची हलता कामा नये. एखाद्या पायरीवर ती धाडकन खाली आली तर समजायचं की पायरी मोडलेली आहे.

याच युक्तीने आणखी एक लबाडी पकडता येते. लहर फार जोरदार असली तर यंत्र स्वतःच आतल्या आत खोटं हार्मोनिक तयार करतं. मग बिचाऱ्या संचावर नाहक आळ! ॲटेन्युएटर १० डेसिबलने वाढवा. हार्मोनिकचा सुळका होता तिथंच राहिला तर तो खरा, संचातूनच आलेला. खाली गेला तर तो यंत्राच्या मनाचा खेळ.

पाचवी, आठवण. ८५९१ई सारख्या यंत्रात दुरुस्तीचे काही आकडे एका छोट्या बॅटरीच्या जिवावर स्मृतीत टिकून राहतात. बॅटरी संपली की आकडे गेले. मग यंत्र चालतं, पण मोजमाप ढळतं. बॅटरी शेवटची कधी बदलली, हे विचारायला विसरायचं नाही.

सहावी, सुटे भाग आणि पुस्तिका. ८५६८बी च्या काळात दुरुस्तीच्या जाडजूड पुस्तिका मिळत. त्यात आतल्या जोडणीच्या आकृत्या छापलेल्या असत. अशी पुस्तिका हाती असेल तर हुशार तंत्रज्ञ कितीतरी बिघाड शोधून काढू शकतो. पण पडद्याची नळी गेली तर? तशी नळी आता नव्याने कुणी बनवत नाही. म्हणून पडदा अंधुक किंवा डागाळलेला असेल तर सावध!

मग घ्यायचं कोणतं?

१४५ मेगाहर्ट्झवाल्या क्लबने काय करावं? हार्मोनिक बघायचे आहेत, यंत्र या खोलीतून त्या खोलीत न्यायचं आहे आणि विद्यार्थी नवशिके आहेत. त्यांच्यासाठी ८५९१ई सारखं यंत्र बरं. विजेची गुणगुण, अगदी जवळजवळच्या लहरी असं बारीक काम करायचं असेल, भक्कम टेबल असेल आणि यंत्र एका जागी ठेवायचं असेल, तर ८५६८बी. वाय-फाय आणि त्याच्याही पलीकडे जायचं असेल तर प्रीसिलेक्टर असलेला ४९२.

आणि नातू? त्याला कमी लेखू नका. शिकायला, खिशात घालून हिंडायला आणि मोठं यंत्र विकत घ्यायला जाताना बरोबर न्यायला तो उत्तम! एकच लहर दोघांना दाखवायची आणि दोघे काय सांगतात ते ताडून बघायचं. आजोबा आणि नातू दोघांचं म्हणणं जुळलं, तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

यंत्र कोणतंही घ्या, एक गोष्ट आणखी घ्यायचीच. ती म्हणजे बाहेरून लावायचा ३० डेसिबलचा दणकट ॲटेन्युएटर. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम. त्यातून ३० गेले की उरतात ७ डीबीएम, म्हणजे सुमारे ५ मिलीवॅट. आता मिक्सर सुखरूप! मात्र या ॲटेन्युएटरला स्वतःला ५ वॅटची उष्णता सोसता आली पाहिजे. नाहीतर रखवालदारच जळायचा.

आपल्या खोडदची गोष्ट

हे सगळं दूरदेशीचं वाटतंय का? मग पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद गावी चला. तिथं आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली गेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तब्बल ३० तबकड्या! त्या आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी ऐकतात. अशा दुर्बिणीजवळ एखादी बिघडलेली विजेची तार ठिणग्या टाकत असली किंवा एखादं यंत्र भलत्या वारंवारतेवर ओरडत असलं तर? दूरच्या आकाशगंगेचा आवाज त्यात बुडून जाणार. म्हणून तिथं आजूबाजूचा हा रेडिओ गोंगाट शोधून काढणं हे मोठंच काम असतं आणि अशा शोधात स्पेक्ट्रम ॲनलायझर हाताशी लागतोच.

म्हणजे बघा, खरं मोजणारं यंत्र नसेल तर शोधपथकाला टीव्ही आणि विमान सारखंच वाटतं आणि शास्त्रज्ञाला ठिणगी आणि तारा सारखाच. आणि खोटं मोजणारं यंत्र तर काही न मोजण्यापेक्षाही वाईट, कारण त्यावर आपण विश्वास ठेवून बसतो.

करून बघा

आता घरच्या घरी एक प्रयोग. घरात मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो घ्या. पाढ्यांच्या वहीसारखा चौकटीचा कागद घ्या. आडव्या रेषेवर ट्रान्झिस्टरवरचे आकडे लिहा. आता काटा डाव्या टोकापासून थोडा थोडा सरकवा. प्रत्येक जागी आवाज किती मोठा आहे, त्याला ० ते १० पैकी गुण द्या आणि कागदावर तेवढ्या उंचीची रेघ ओढा. उजव्या टोकाला पोचलात की कागदावर काय दिसेल? सुळके! तुम्ही स्वतःच स्पेक्ट्रम ॲनलायझर झालात.

मग तोच ट्रान्झिस्टर चालू एलईडी दिव्याच्या किंवा मोबाइलच्या चार्जरच्या जवळ न्या आणि दुसरा कागद भरा. दोन कागद शेजारी ठेवून बघा. नवे सुळके किंवा नवी खरखर दिसली, तर तुमच्या घरातला चोर सापडला म्हणायचा. भावाला किंवा बहिणीलाही असाच कागद वेगळा करायला सांगा, एकमेकांचं न बघता. दोन्ही कागद जुळले नाहीत तर भांडू नका. आवाजाचं बटण मध्येच कुणी फिरवलं होतं का, ट्रान्झिस्टरचं तोंड वळलं होतं का, ते शोधा. पारखणं म्हणतात ते हेच.

मग, येत्या रविवारी घेणार ना कागद-पेन्सिल?